८६६ मेगाहर्ट्झ: छापील अँटेनाचं मॅचिंग जमेना, पॅडवर नक्की काय बसवू?

द्राक्षवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

बागेत जमिनीतली ओल मोजायला लोराचे (कमी पॉवरवर लांब पोचणाऱ्या रेडिओचे) नोड करतोय. ८६५ ते ८६८ चा आपला विनापरवाना पट्टा, त्यात ८६६ धरलंय. आधी तयार मोड्यूल आणि स्प्रिंग अँटेना वापरली, चालायचं, पण बॉक्स उघडला की स्प्रिंग वाकते नाहीतर मोडते, म्हणून आता स्वतःचा बोर्ड काढला आणि अँटेना बोर्डावरच छापून घेतली. एफआर-४, १.६ एमएम, दोन लेयर. अँटेनाच्या तोंडाशी मॅचिंगला, म्हणजे रेडिओ चिपला अँटेना ५० ओहमची दिसावी म्हणून, पाय (π आकाराच्या) नेटवर्कसाठी तीन पॅड ठेवलेत, मधे एक सिरीज आणि दोन्ही बाजूंना ग्राउंडला एकेक शंट, सगळे ०४०२ साइज. सध्या सिरीजला शून्य ओहम आणि शंट मोकळे.

नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स मोजायचं छोटं यंत्र) लावला तर ८६६ ला ८३ - जे९४ आलं, म्हणजे रेझिस्टन्स ८३ ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स उणे ९४, एसडब्ल्यूआर (सिग्नल किती परत फिरतो त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) ४.२. कॅल्क्युलेटरमधून किमती काढल्या, बसवल्या, तर एसडब्ल्यूआर कमी व्हायच्या ऐवजी ८ वर गेला!! किमती उलटसुलट करून पाहिल्या तरी तेच. रेंज स्प्रिंगपेक्षा कमी. कॅल्क्युलेटर चुकतोय की माझा बोर्डच गंडलाय?

खरखर

स्वागत आहे. कॅल्क्युलेटर बिचारा बरोबरच असणार. मला आधी हे सांगा की कॅलिब्रेशन कुठे केलंत आणि बोर्डाला व्हीएनए कसा जोडलात? बोर्ड उघडा होता की बॉक्समध्ये?

द्राक्षवाला

व्हीएनएबरोबर जी केबल आणि ओपन, शॉर्ट, लोड येतात त्यांनी केबलच्या टोकाला केलं काका. मग तिथून दहा सेंटीमीटरची बारीक पिगटेल (केबलचा तुकडा) बोर्डावर सोल्डर केली. बोर्ड टेबलावर उघडा.

खरखर

मग ती ८३ - जे९४ अँटेनाची नाहीच, पिगटेल धरून पलीकडे जे काय दिसतंय त्याची आहे. ८६६ ला हवेतली वेव्हलेंग्थ ३४६ एमएम, त्या केबलमध्ये साधारण २४०. म्हणजे दहा सेंटीमीटर पिगटेल म्हणजे जवळजवळ १५० अंश आणि सिग्नल जाऊन परत येतो म्हणून स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स मांडायचा गोल आलेख) त्याच्या दुप्पट, ३०० अंश. बिंदू अख्खा चार्ट फिरून भलतीकडेच जाऊन बसतो. अगदी बोर्डावरचा १० एमएम ट्रॅकसुद्धा एफआर-४ वर १९ अंश, दुप्पट केले की ३८. एचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या खाली) आम्ही हे सगळं खपवून घेतो, ७ मेगाहर्ट्झला दहा सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही. इथे नाही खपत.

आता करायचं असं. पिगटेल जमेल तेवढी आखूड घ्या, तिचा मधला तार मधल्या पॅडच्या चिपकडच्या बाजूला आणि शील्ड लगेच शेजारच्या ग्राउंडला सोल्डर करा. चिपकडे जाणारा ट्रॅक तोडा किंवा तिथला ०४०२ काढून ठेवा, नाहीतर चिपसुद्धा मापात येईल. मग कॅलिब्रेशन तिथेच करायचं. सिरीज पॅड रिकामं म्हणजे ओपन. त्या टोकाच्या शंट पॅडवर शून्य ओहम म्हणजे शॉर्ट. त्याच जागी १०० ओहमचे दोन ०४०२ एकावर एक म्हणजे ५० चा लोड. शंभर टक्के अचूक नाही, पण ८६६ ला काम होतं. कॅल झालं की ते काढायचे, सिरीजला शून्य ओहम लावायचा आणि मोजायचं.

अजून दोन गोष्टी. एक, बोर्ड बॉक्समध्ये, बॅटरी जागेवर, झाकण लावून मोजा. प्लास्टिक जवळ आलं की अँटेना खालच्या फ्रिक्वेन्सीला सरकते. दुसरं, अशा छोट्या बोर्डात अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे बोर्डाचं ग्राउंड, आणि तुम्ही केबल जोडली की केबलचं शील्ड त्या ग्राउंडचं शेपूट होतं. केबलला हात लावून बघा, आकडा हलला तर ते शेपूट अँटेनाचं काम करतंय. त्यावर दोन-तीन फेराइट मणी सरकवा बोर्डाच्या अगदी जवळ.

ओहमशांती

वाचनखूण साठवली. एवढी पूजा मांडण्यापेक्षा स्प्रिंगच बरी होती की राव, हलके घ्या.

द्राक्षवाला

काका, केलं तुम्ही म्हणालात तसं. शॉर्ट काढताना एक पॅड जवळजवळ उचकटलं होतं पण वाचलं. बॉक्स बंद करून, मणी लावून: १८ - जे४०, एसडब्ल्यूआर ४.७. हात लावला तर आता जरासाच हलतो.

पण एक कळेना, नीट मोजल्यावर एसडब्ल्यूआर वाढला कसा? ४.२ चा ४.७?

स्मिथचार्टवाली

छान मोजलंस. वाढला नाही रे, आधी कमी *दिसत* होता. बारीक पिगटेल पाव डीबी खाते, जाताना पाव आणि परतताना पाव. परत येणारा सिग्नल अर्धा डीबी कमी होऊन व्हीएनएला पोचतो, व्हीएनएला वाटतं अँटेनाने जास्त घेतलं. घेतलं पिगटेलने.

आता १८ - जे४० वर येऊ. हाताने करून बघ, कॅल्क्युलेटर बाजूला ठेव, एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं.

५० आणि १८. मोठ्याला छोट्याने भागायचं, एक वजा करायचा, वर्गमूळ: ५०/१८ = २.७८, उणे १ = १.७८, मूळ १.३३. हा एल नेटवर्कचा (एक सिरीज, एक शंट पार्ट) क्यू. सिरीज बाजूला लागणारा रिअ‍ॅक्टन्स = क्यू गुणिले छोटा = १.३३ × १८ = २४ ओहम. शंट बाजूला = मोठा भागिले क्यू = ५०/१.३३ = ३७.५ ओहम. बस, एवढंच गणित आहे.

शंट नेहमी मोठ्या रेझिस्टन्सच्या बाजूला, म्हणजे इथे चिपकडे. सिरीज अँटेनाकडे. तू बहुतेक शंट अँटेनाकडच्या पॅडवर लावला असशील.

सिरीजमध्ये आपल्याला एकूण +२४ किंवा -२४ हवेत, दोन्ही चालतात, फक्त शंट त्याच्या विरुद्ध जातीचा लागतो. आणि अँटेनाकडे आधीच -४० आहेत ते हिशोबात धरायचे.

+२४ हवे तर ६४ ओहमची इंडक्टन्स, ८६६ ला ११.८ एनएच, मिळतो १२ एनएच. शंट मग कपॅसिटर, ३७.५ ओहम = ४.९ पीएफ, मिळतो ४.७.

-२४ हवे तर फक्त १६ ओहमची इंडक्टन्स, २.९ एनएच, म्हणजे ३ चा घे. शंट मग इंडक्टर, ३७.५ ओहम = ६.९ एनएच, म्हणजे ६.८.

दोन उत्तरं ही अशी येतात. खरं तर तुझ्या केसमध्ये चार येतात, कारण १८ - जे४० ला समांतर रूपात पाहिलं तर रेझिस्टन्स १०७ ओहम दिसतो, ५० पेक्षा मोठा, म्हणजे शंट अँटेनाकडे लावूनही जमतं: १७ एनएच शंट आणि ९.८ एनएच सिरीज, किंवा ६ एनएच शंट आणि ३.४ पीएफ सिरीज. स्मिथ चार्टवर बिंदू ५० ओहमच्या दोन्ही वर्तुळांच्या (एक सिरीजचं, एक समांतरचं) बाहेर पडला की चार रस्ते असतात, कुठल्याही वर्तुळाच्या आत असला की दोनच. तू बिंदू चार्टवर टाक, लगेच दिसेल. १९३९ मध्ये फिलिप स्मिथने छापलेला तो कागद अजूनही कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त शिकवतो हे माझं ठाम मत आहे.

द्राक्षवाला

ताई, शब्द नाहीत! शंट अँटेनाकडेच होता. पण चारातला कुठला? दिसायला तर चारी सारखेच की, सगळ्यांनी ५० च होतंय.

स्मिथचार्टवाली

५० सगळ्यांनी होतं, पण पॉवर सगळ्यांनी सारखी पोचत नाही, इंडक्टर फुकट काम करत नाही.

०४०२ चा स्वस्तातला मल्टिलेयर इंडक्टर धर, ८६६ ला त्याचा स्वतःचा क्यू (रिअ‍ॅक्टन्स भागिले आतला रेझिस्टन्स) समजू २०. पहिल्या उत्तरात ६४ ओहमचा इंडक्टर, म्हणजे आत ३.२ ओहमचा रेझिस्टन्स लपलेला. तो अँटेनाच्या १८ ओहमच्या सिरीजला बसला. करंट दोघांतून तोच. २१.२ पैकी १८ अँटेनाला, म्हणजे ८५ टक्के. ०.७ डीबी गेले उष्णतेत.

दुसऱ्या उत्तरात सिरीज इंडक्टर १६ ओहमचा, लपलेला रेझिस्टन्स ०.८ ओहम, तिथे चारेक टक्के. शंट इंडक्टरने सहा टक्के. एकूण ०.४७ डीबी. १७ आणि ९.८ वालं पण साधारण तेवढंच. ६ एनएच आणि ३.४ पीएफ वालं ०.६६.

मी दुसरं घेईन. शिवाय शंट इंडक्टर ग्राउंडला असल्याने अँटेनावर साठणारा स्टॅटिक चार्ज निघून जातो, शेतात कोरड्या वाऱ्यात उभा नोड आहे, तेवढाच चिपला आधार. पहिल्यात कपॅसिटर ग्राउंडला असल्याने हार्मोनिक थोडे दबतात हा त्याचा फायदा, पण ते काम चिपच्या जवळच्या फिल्टरचं, तो चिपवाल्यांच्या रेफरन्स डिझाइनमधून जसाच्या तसा उचलला आहेस ना? तिथे स्वतःचं डोकं लावायचं नाही.

आणि पैसे असतील तर वायरवाउंड ०४०२ घे. क्यू ६० पकडला तर पहिल्या उत्तराचं ०.७ सुद्धा पाव डीबीवर येतं.

अर्धवट_इंजिनिअर

थर्ड इयर ईएनटीसीला आहे, एक बेसिक शंका. आम्हाला मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर शिकवलं त्यात लोड सोर्सएवढा केला की जास्तीत जास्त पॉवर मिळते पण एफिशियन्सी ५० टक्केच असते. मग मॅचिंग केलं की ट्रान्समीटरची अर्धी पॉवर आतच जळते का? मग लोक ७०-८० टक्के एफिशियन्सीचे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर कसे काय बनवतात? सर म्हणाले परीक्षेत एवढं येत नाही.

खरखर

परीक्षेत येत नसेल तर तीच शंका लाखाची.

ट्रान्समीटरच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला आपण त्याच्या आतल्या रेझिस्टन्सशी मॅच करतच नाही. त्याला असा लोड दाखवतो की त्याच्या सप्लायमध्ये जेवढा व्होल्टेज हलू शकतो तेवढा पुरेपूर हलून आपल्याला हवी ती पॉवर निघावी. सप्लायचा वर्ग भागिले दुप्पट पॉवर. १२ व्होल्ट आणि ५ वॅट घे: १४४ भागिले १० = १४.४ ओहम. हे १४.४ म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आत बसलेला रेझिस्टर नाही, तिथे काही जळत नाही, हा नुसता हवा असलेला लोड आहे. मग अँटेनाचे ५० त्याला १४.४ दिसावेत म्हणून मधे एल नाहीतर पाय. कॉलेजातलं प्रमेय खरं आहे, पण ते सोर्स ठरलेला असताना लोड निवडण्याबद्दल आहे. इथे सोर्स आपल्या हातात आहे.

रिसीव्हरला तर अजून तिसराच नियम. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरला कमीत कमी नॉइज देणारा सोर्स इम्पीडन्स वेगळा असतो आणि जास्तीत जास्त पॉवर घेणारा वेगळा, त्यामुळे तिथे मुद्दाम थोडं मिसमॅच ठेवतात. खोडदच्या जीएमआरटीला कधी गेलास तर ४५ मीटरच्या त्या ३० डिश बघताना हे आठव, आकाशातून येणारा सिग्नल एवढा क्षीण की पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइजच तिथे खरा शत्रू.

अर्धवट_इंजिनिअर

_/\_ काका. प्रिंट काढून हॉस्टेलच्या दारावर लावतो.

गच्चीवर_अँटेना

उगाच घाबरवताय त्याला सगळे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा लोरा गेटवेचा (नोडचे सिग्नल गोळा करून नेटवर टाकणारा डबा) अँटेना आहे, ऑनलाइन घेतलेला फायबरचा दांडा, खाली घरात गेटवे, मधे १० मीटर आरजी-५८ केबल. कुठलंही मॅचिंग नाही, स्मिथ नाही आणि काही नाही. व्हीएनए खाली घरात लावून बघितला, एसडब्ल्यूआर १.५. चांगला अँटेना घ्या, विषय संपला.

स्मिथचार्टवाली

दादा, तुमचा अँटेना चांगला असेलही, पण ह्या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही.

१० मीटर आरजी-५८, ८६६ मेगाहर्ट्झ, लॉस साधारण ५ डीबी. जाताना ५, परत येताना ५. आता गच्चीवर तुमच्या फायबरच्या दांड्याऐवजी ह्या धाग्यातल्या द्राक्षवाल्याचा अँटेना लावा, तोच १८ - जे४० वाला, एसडब्ल्यूआर ४.७, रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल किती कमी) ३.७५ डीबी. खाली घरात व्हीएनए काय दाखवेल? ३.७५ + १० = १३.७५ डीबी. त्याचा एसडब्ल्यूआर काढा.

१.५.

बरोब्बर तुमचाच आकडा. म्हणजे वर अगदी भिकार अँटेना असला तरी खाली तुम्हाला १.५ दिसणार. वर काहीच नसलं, नुसतं टोक उघडं ठेवलं, तरी खाली दोनच्या खालीच दिसेल. वर चढून केबलच्या त्या टोकाला मोजा, मग सांगा.

ओहमशांती

आईशप्पथ. मला इतके दिवस वाटायचं कमी एसडब्ल्यूआर म्हणजे भारी अँटेना.

खरखर

डमी लोडचा (नुसता ५० ओहमचा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर १.० असतो हो. सगळ्यात भारी अँटेना तोच मग!

गच्चीवर_अँटेना

आज संध्याकाळी गेलो वर. वरती २.९ आहे. म्हणजे अगदी भिकार नाही, पण दीड तर नाहीच नाही. आणि ५ डीबी केबलमध्ये जातात हे मला दुकानदाराने सांगितलं नव्हतं, उलट म्हणाला आरजी-५८ म्हणजे सगळ्यात बेस्ट. आता काय करू? अँटेनापाशी मॅचिंग लावू का?

स्मिथचार्टवाली

२.९ ला परतणारी पॉवर साधारण २४ टक्के, सव्वा डीबीसुद्धा जात नाही मिसमॅचमध्ये. केबलमध्ये जातात ५. आधी मोठ्या चोराला पकडा. गेटवेच वर न्या, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा बॉक्समध्ये, अँटेनापाशी एखादी वीतभर केबल, आणि खाली येऊ दे नेटवर्क केबल, त्यातूनच पॉवर. डिजिटल सिग्नलला १० मीटरने काही फरक पडत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी मानत नसेल तर निदान जाड, कमी लॉसची केबल टाका.

अर्धवट_इंजिनिअर

पण ५० च का? ६० का नाही, ४० का नाही?

खरखर

हवा भरलेली कोअ‍ॅक्स घेतली तर सगळ्यात कमी लॉस ७७ ओहमच्या आसपास येतो आणि सगळ्यात जास्त पॉवर पेलते ती ३० ओहमच्या आसपास. ५० हा दोन्हीच्या मधला तह आहे. टीव्हीवाल्यांना पॉवर पाठवायची नव्हती, म्हणून ते ७५ ला गेले. केबल टीव्हीची वायर घरात असेल तर ती ७५ ची.

नदीकाठचा

अवांतर विचारतो. हॅम (हौशी रेडिओ) परवाना नुकताच मिळालाय, ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर बसायचंय, जागा एकच आणि ती पण एका टोकाला. सगळे एंड-फेड हाफ-वेव्ह म्हणतात आणि त्याला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. ४९ च का, आणि इथे एल नेटवर्क का नाही चालत?

खरखर

अवांतर कसलं, ह्याच घरातला विषय.

अर्ध्या वेव्हलेंग्थची वायर टोकातून फीड केली की इम्पीडन्स दोन-अडीच हजार ओहम, वायर किती उंच आणि जवळ काय आहे त्यावर बदलतो. २४५० भागिले ५० = ४९. फेऱ्यांचं गुणोत्तर ७, म्हणून प्रायमरी २ फेऱ्या आणि सेकंडरी १४. ४३ मटेरियलचा टोरॉइड (फेराइटची कडी), ५-१० वॅटला एफटी-१४० चालतो, १०० वॅटला एफटी-२४० घ्या. प्रायमरीवर १०० पीएफचा चांगला हाय व्होल्टेज कपॅसिटर, त्याने वरच्या बँडांना सुधारणा होते. ७.१ साठी वायर साधारण २० मीटर, लांब कापा आणि मग कातरत या.

एल पण चालतो की. ५० ते २४५०, क्यू = मूळ ४८ = ६.९३. सिरीजला ३४६ ओहम, शंटला ३५४ ओहम. ७.१ ला ७.८ मायक्रोहेन्री आणि ६३ पीएफ. एकाच बँडवर बसायचं असेल तर मी म्हणेन हाच करा, हवेतली कॉइल आणि व्हेरिएबल कपॅसिटर, लॉस फेराइटपेक्षा कमी येतो. फक्त क्यू सात असल्याने बँड बदलला की फिरवावं लागतं, आणि कपॅसिटरवर व्होल्टेज बघा: १०० वॅटला २४५० ओहमवर जवळजवळ ५०० व्होल्ट आरएमएस, शिखर ७००. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग (व्हेरिएबल कपॅसिटर) १० वॅटपर्यंत बिनधास्त, १०० ला पावसाळी हवेत ठिणगी टाकेल. ट्रान्सफॉर्मर लोकांना आवडतो तो ४०, २०, १५, १० सगळीकडे न फिरवता चालतो म्हणून. आळसाचीही किंमत असते, ती टोरॉइड गरम होऊन वसूल करतो.

नदीकाठचा

आणि शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) अँटेना ट्यूनर लावला तर?

खरखर

रेडिओला ५० दिसतील, रेडिओ खूश. ट्यूनरच्या पलीकडे केबलवर एसडब्ल्यूआर होता तेवढाच राहतो. बहुतेक हाताने फिरवायचे ट्यूनर टी नेटवर्कचे, दोन कपॅसिटर सिरीजला आणि मधे ग्राउंडला कॉइल, आणि त्यात एकाच अँटेनाला मॅच होणाऱ्या ढीगभर जागा सापडतात. त्यातल्या काही जागांवर कॉइलच अर्धी पॉवर पिते आणि मीटर मात्र १.० दाखवतो. सुरुवात दोन्ही कपॅसिटर पुरे बंद, म्हणजे जास्तीत जास्त पीएफवर ठेवून करा, कमीत कमी इंडक्टन्सने जिथे मॅच मिळेल ती जागा घ्या. ट्यूनरवर हात ठेवून बघा थोड्या वेळाने, कोमट लागला तर कुठे चाललीय पॉवर ते कळेल.

ओहमशांती

धागा पार भरकटायच्या आत: द्राक्षवाले कुठे गेले? बाग बघायला?

द्राक्षवाला

आलो आलो, छाटणी चालू आहे.

लॅमिंग्टन रोडवरून मित्राने आणलेल्या किटमध्ये ३ एनएच नव्हता, ३.३ होता, तोच लावला, आणि शंट ६.८. बॉक्स बंद करून ८६६ ला एसडब्ल्यूआर १.३, आणि ८६५ ते ८६८ मध्ये कुठेही १.५ च्या वर जात नाही!! ताईंचं गणित आणि माझा बोर्ड एवढे जवळ येतील असं वाटलं नव्हतं.

पण रेंज... म्हणजे सुधारली, पण. गेटवेवर आरएसएसआय (पोचलेल्या सिग्नलची ताकद) आधीपेक्षा दोन डीबी वर आहे बस. मला वाटलं होतं दणका बसेल.

ओहमशांती

एवढ्या उपद्व्यापाला दोन डीबी??

स्मिथचार्टवाली

दोनच यायला पाहिजेत! ४.७ च्या एसडब्ल्यूआरला मिसमॅच लॉस होता २.४ डीबी. मॅचिंगच्या पार्टांनी त्यातले अर्धा डीबी परत घेतले. उरले १.९. जास्त आले असते तर मी म्हटलं असतं मोजण्यात घोळ आहे. मॅचिंग एवढंच देतं, अँटेनाकडे न जाणारी पॉवर अँटेनाकडे ढकलतं. गेलेली पॉवर अँटेना हवेत सोडतो का, आणि पुढे वाटेत काय होतं, हे त्याच्या हातात नाही. तुझा नोड किती उंचीवर आहे?

द्राक्षवाला

ड्रिपच्या व्हॉल्व्हच्या शेजारी, जमिनीपासून दोन फूट. वर मांडव.

स्मिथचार्टवाली

अरे!!

८६६ ला एक किलोमीटरच्या लिंकला मधोमध पहिला फ्रेनेल झोन (सिग्नलला मोकळी लागणारी जागा) ९ मीटर त्रिज्येचा असतो. तू दोन फुटांवरून, पाण्याने भरलेल्या पानांच्या छताखालून मारतोयस. पानं फुटली की तुला ते दोन डीबी दिसणारसुद्धा नाहीत. सेन्सर खालीच राहू दे, नोड वायरने वर मांडवाच्या वर घे. तिथे जे मिळेल त्यापुढे आपलं सगळं स्मिथ चार्ट किरकोळ आहे.

द्राक्षवाला

वर घ्यायला हरकत नाही, पण ओळीतून फवारणीचा ब्लोअर जातो, बांबू मधे लावला तर पहिल्याच दिवशी आडवा. ओळीच्या टोकाला लोखंडी अँगल आहेत त्याला बांधू का बॉक्स? मजबूत आहेत.

खरखर

अँगलला चिकटवून बांधलात तर ते लोखंड अँटेनाचं ग्राउंड होऊन बसेल आणि १८ - जे४० चं परत काहीतरी तिसरंच होईल, केलेलं मॅचिंग वाया. अँगलला पीव्हीसी पाइप क्लॅम्प करा, तो अँगलच्या टोकाच्या वर दोन-तीन फूट जाऊ द्या आणि बॉक्स पाइपच्या टोकाला. लोखंडापासून निदान अर्धी वेव्हलेंग्थ, म्हणजे १७ सेंटीमीटर, लांब पाहिजे, तुमचं तर त्याहून बरंच लांब जाईल. सेन्सरची वायर पाइपच्या आतून खाली आणा, बॉक्समधून निघते तिथेच तिच्यावर एक फेराइट मणी घाला, नाहीतर तीच शेपूट होईल. ग्लँड खालच्या बाजूला. पाइप पांढरा घ्या, काळ्यात कार्बन असतो.

द्राक्षवाला

पाइप घरात पडलाय, बोअरचा उरलेला. रविवारी चढवतो आणि आरएसएसआय इथेच टाकतो.

गच्चीवर_अँटेना

माझा पण गेटवे वर चाललाय, सेक्रेटरीला तिळगूळ देऊन परवानगी काढली.